बोल्टला काय करायचं होतं? 'फेल'चं जपानी करताना या चुका टाळा

'द बोल्ट फेल्ड.' एवढंच वाक्य. मी शब्दकोशातला पहिला शब्द उचलला आणि लिहून मोकळा झालो: 'बोरुतो गा शिप्पाइ शिता'. तपासणाऱ्या जपानी बाईंनी शांतपणे विचारलं, "बोल्टला काय करायचं होतं?"

'शिप्पाइ' म्हणजे काही करायला जाणं आणि ते न जमणं. लॉगिन, मुलाखत, बिघडलेला केक, सगळ्यांना तो चालतो. बोल्टचे दोन तुकडे झाले तर 'हादान', यंत्र बंद पडलं तर 'कोशो', सर्व्हर कोलमडला तर 'शोगाइ'. हृदय निकामी होणं 'शिनफुझेन'. आणि वीज गेली तर नुसतं 'तेइदेन', त्यात फेल शोधत बसू नका.

सगळ्यात फसवं 'फेल्ड टू'. 'ऑपरेटर फेल्ड टू क्लोज द व्हॉल्व्ह' इथे शिप्पाइ घातलंत की त्याने धडपड केली पण व्हॉल्व्ह बंद झाला नाही, असं होतं. म्हणायचं बहुतेकदा असतं की त्याने बंद केलाच नाही: 'शिमेनाकात्ता'. विसरला असेल, तर 'शिमेवासुरेता'. अपघाताच्या अहवालात एवढ्यावरून चौकशीची दिशा बदलते.

'डिफेक्ट'ला डोळे झाकून 'केक्कान' लिहू नका. जपानचा उत्पादन-दायित्व कायदा १ जुलै १९९५ पासून लागू आहे आणि त्यातला कळीचा शब्द हाच. कारण सापडण्याआधी ग्राहकाच्या पत्रात तो गेला, तर चूक कबूल केल्यासारखं वाचलं जातं. कंपन्या तोवर 'फुगुआइ' म्हणतात, म्हणजे काहीतरी नीट चालत नाहीये. मात्र मूळ मजकूरच ठामपणे दोष म्हणत असेल, तर त्याला फुगुआइचं पांघरूण घालणं आपलं काम नव्हे.

'ब्रेक'साठी इंग्रजी सोडा, आधी मराठीत विचार करा. काच फुटते: वारेरु. काठी मोडते: ओरेरु. दोरी तुटते: किरेरु. कापड फाटतं: याबुरेरु. इंग्रजीत चारातल्या तिघांना 'ब्रेक' पुरतो, आपल्याला आणि जपान्यांना नाही.

पण ही जोडी शेवटपर्यंत पुरत नाही. 'कोकोरो गा ओरेरु' शब्दशः मन मोडणं, अर्थ मात्र उमेद खचणं. आपण कुणाचं मन मोडतो, तसं ते नाही. आणि बल्ब आपल्याकडे उडतो, तिकडे तुटतो: 'देनक्यू गा किरेता'.