स्पोर्ट्स कारचे व्हील स्टड बदलताय? या चुका टाळा

रबाळे एमआयडीसीतल्या माझ्या गॅरेजमध्ये व्हील स्टडचं, म्हणजे चाकाचा नट ज्यावर आवळतो त्या आट्यांच्या खिळ्याचं, काम असलेली गाडी आली की मी आधी चाक काढत नाही. आधी विचारतो, हे काम याआधी कोणी केलंय आणि कशाने केलंय. बहुतेक वेळा उत्तर एकच येतं: गनने, म्हणजे नट झटक्याने आवळणाऱ्या इम्पॅक्ट गनने.

मागच्या पावसाळ्यात एक तरुण त्याची निस्सान ३७०झेड घेऊन आला. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून निघताना मागच्या डाव्या चाकातून बारीक टक-टक येत होती, दिघ्यापर्यंत ती मोठी झाली. "काका, नट तर परवाच फुल टाईट केलेत," तो म्हणाला. मी नटाला पाना लावला. पाचपैकी तीन नट हाताच्या जोरावर फिरले.

झालं होतं असं. पंक्चरवाल्याने नट तिरका धरून गन मारली, आटे गेले आणि दोन स्टड तुटले. मुलाने नवे स्टड आणले, हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, भोकात मागून घातले, वर थेट अलॉय व्हील चढवलं आणि गनने नट आवळून स्टड ओढून घेतले. नट घट्ट झाले, पण स्टड पूर्ण आत आलेच नव्हते. टॉर्च मारून हबच्या मागे पाहिलं तर स्टडचं डोकं आणि हब यांच्यात दीड मिलिमीटर फट होती. गाडी चालली तसे ते स्टड थोडे थोडे आत सरकले आणि नट आपोआप सैल पडले. सैल चाक हलत राहिल्याने अलॉयची भोकं लांबट झाली. ते चाक भंगारात गेलं. तो मुलगा त्याच गाडीने शनिवारी एक्स्प्रेसवेवर जाणार होता, हे आठवलं की मला आजही राग येतो.

शक्य असेल तर हब उतरवा आणि स्टड हायड्रॉलिक प्रेसवर बसवा. गाडीवरच बसवायचा असेल तर चाक लावून ओढू नका. मी जाड वॉशरची चळत घेतो, वॉशरच्या मध्ये ग्रीस लावतो, वर एक जुना नट उलटा, सपाट बाजू आत करून चढवतो आणि हातपान्याने सावकाश ओढतो. डोकं हबला टेकलं की पाना एकदम जड होतो. तिथे थांबायचं. मग मागून फट मोजायच्या फीलर गेजची सगळ्यात पातळ पट्टी घालून बघतो. ती कुठूनही आत जाता कामा नये. तो जुना नट पुन्हा चाकाला वापरत नाही. शेवटी नवा नट हाताने शेवटपर्यंत फिरवतो. मध्येच जड लागला तर स्टड ताणला गेलाय किंवा आटे खराब झालेत, तो काढून टाकायचा. गनने ओढलेल्या स्टडमध्ये हे मी इतक्यांदा पाहिलंय की स्टडच्या कामात मी गन हातात घेतच नाही.

दुसरी चूक खरेदीतच होते. लोक फक्त आटे विचारतात. निस्सान, सुबारू, सुझुकीला १२ बाय १.२५ (व्यास आणि दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), टोयोटा, होंडा, मित्सुबिशीला बहुधा १२ बाय १.५, इतकं पाठ असतं. पण हबमध्ये घट्ट रुततात ते स्टडच्या मुळाशी असलेले दाते, आणि त्या दातांचा व्यास गाडीगणिक वेगळा असतो. तो कमी असेल तर नट सोडवताना अख्खा स्टड भोकात गरगर फिरतो आणि ग्राइंडर लावून नट कापावा लागतो. जास्त असेल तर हबला तडा जाऊ शकतो. जुना स्टड खिशात घेऊन दुकानात जा आणि दोन्ही व्हर्नियरने मोजा.

लेथवाल्याकडून साध्या सळईचा स्टड बनवून घेऊ नका. व्हील स्टड उष्णतेची प्रक्रिया केलेल्या कडक पोलादाचा असतो. तुटक्या स्टडला वेल्डिंग तर अजिबात नको.

एक तुटला म्हणून एकच बदलू नका. त्याचा भार शेजारच्यांनी वाहिलेला असतो. मी त्या चाकाचे पाचही बदलतो.

हब गाडीवर असताना घण घालून स्टड पाडू नका, प्रत्येक घाव बेअरिंगवर जातो. मागे जागा नाही म्हणून डिस्कमागचा पत्रा वाकवणारेही पाहिलेत. तासाभराच्या कामाचा कंटाळा, दुसरं काही नाही.

स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणारी हब आणि चाकामधली चकती, लावणार असाल तर लांब स्टड घ्या. १२ बाय १.५ ला नट किमान ८ पूर्ण फेरे बसलाच पाहिजे.

आट्यांना तेल नको. कंपनीने दिलेला टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा ते माप, बहुतेक गाड्यांत कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल लावून तोच टॉर्क दिलात तर स्टडवर कितीतरी जास्त ताण येतो. ३७०झेडला १०८ न्यूटन मीटर. टॉर्क रेंचने, चांदणीच्या क्रमाने (शेजारचा नट सोडून समोरचा), दोन टप्प्यांत.

आणि पहिले ८०-१०० किलोमीटर शहरातच चालवा, मग चाक थंड असताना पुन्हा टॉर्क तपासा. त्या मुलाला मी हेच सांगितलं आणि प्रत्येक नटावर व चाकावर पांढऱ्या पेंट पेनने एक सरळ रेघ ओढून दिली. चार दिवसांनी तो रेंच मारायला आला, तेव्हा पाचही रेघा जुळलेल्या होत्या.