फाइल, कॉपी केलेला मजकूर, जुनी कमांड, उडालेला कमिट: सगळं परत कसं शोधायचं

कॉम्प्युटरवर बसलं की खरा वेळ खातं ते शोधणं, फाइल कुठे ठेवली, मघाशी कॉपी केलेलं कुठे गेलं, ती लांबलचक कमांड काय होती, आणि यातलं बहुतेक सगळं मशीनमध्ये असतंच, फक्त कुठून काढायचं ते माहीत पाहिजे.

विंडोजवर असाल तर आधी एव्हरीथिंग नावाचं फुकट टूल टाका. ते एकेक फोल्डर उघडून बघत बसत नाही, एनटीएफएस (विंडोजची फाइल्स साठवायची नेहमीची पद्धत) ड्राइव्हची जी मास्टर फाइल टेबल, म्हणजे सगळ्या फाइल्सची यादी असते, तीच थेट वाचतं, म्हणून टाइप करता करता रिझल्ट समोर येतात. नुसतं नावच टाकायचं असं नाही, डीएम मग कोलन मग टुडे लिहिलं की आज बदललेल्या फाइल्स येतात, डाउनलोड केलेलं कुठे गेलं हे कळत नसेल तर हे फारच कामाचं. पण हे शोधतं फाइलच्या नावावरून. कोडच्या आतलं काही शोधायचं असेल तर रिपग्रेप हे टर्मिनलमधलं शोधायचं टूल वापरा, ते गिटइग्नोरमधल्या फाइल्स (गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलला ज्या वगळायला सांगितल्यात त्या) आपोआप सोडून देतं.

कॉपी पेस्टसाठी विंडोज की आणि व्ही दाबा, पहिल्यांदा ते चालू करायला विचारेल. शेवटच्या 25 गोष्टी राहतात, मशीन रीस्टार्ट केलं की जातात, जे कायम लागतं ते पिन करून ठेवा. एक लक्षात असू द्या, कॉपी केलेला पासवर्डही तिथे दिसू शकतो, तेव्हा दुसऱ्या कोणाला मशीन देण्याआधी लिस्ट क्लिअर करा.

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, जुन्या कमांडसाठी वरचा अ‍ॅरो दाबत बसणारे अजून खूप जण दिसतात, प्लीज कंट्रोल आर शिका. दाबा आणि कमांडमधला आठवेल तो तुकडा टाइप करा, परत कंट्रोल आर दाबलं की त्याच्या आधीची. लिनक्सवरच्या बॅशमध्ये चालतं, विंडोजच्या पॉवरशेलमध्येही चालतं, दोन्ही कमांड चालवणारे प्रोग्रॅमच. हवी ती कमांड मागे टाकून पुढे गेलात म्हणून परत यायला बॅशमध्ये कंट्रोल एस दाबलं आणि स्क्रीन गोठली तर घाबरू नका, कंट्रोल क्यू दाबा, सुटेल.

आता डेव्हलपर लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. चुकून गिट रीसेट हार्ड (सगळं जुन्या स्थितीला नेणारी कमांड) मारलं किंवा रीबेस (कमिट दुसऱ्या जागी पुन्हा रचणं) फसला आणि कमिट, म्हणजे गिटमध्ये सेव्ह केलेला बदल, लॉगमध्ये दिसेना, तर लगेच रेपो, म्हणजे प्रोजेक्टचं फोल्डर, डिलीट करून परत क्लोन करू नका, म्हणजे सर्व्हरवरून नवी कॉपी उतरवू नका! रीफ्लॉगची, म्हणजे तुम्ही कुठून कुठल्या कमिटवर गेलात याची, नोंद फक्त तुमच्या मशीनवर असते, फोल्डर उडवलं की तीही गेली. गिट रीफ्लॉग चालवा, हेड (तुम्ही सध्या ज्या कमिटवर आहात तो) कुठून कुठे गेलं ते ओळीने दिसेल, हवा तो हॅश, म्हणजे कमिटचा ओळख क्रमांक, उचला आणि त्याच्यावर गिट ब्रँच कमांडने नवीन ब्रँच (कामाची वेगळी फांदी) काढा, झालं. कुठल्याच ब्रँचवर नसलेल्या कमिटच्या नोंदी डीफॉल्ट 30 दिवस राहतात, तेव्हा शांतपणे करा.

मात्र जे कमिटच केलं नव्हतं ते रीफ्लॉगमध्ये नसतं. गिट अ‍ॅड तरी केलं (फाइल कमिटसाठी तयार ठेवली) असेल तर गिट एफएसचेक म्हणजे एफ एस सी के, त्याला लॉस्ट फाउंड हा ऑप्शन लावून बघा, त्या वेळचा मजकूर बहुतेक वेळा सापडतो, फक्त फाइलचं नाव नसतं, एकेक उघडून ओळखावं लागतं.