गवत कापायच्या मोवरचं इंजिन घरच्या घरी कसं बदलायचं

आमच्याकडे न्यू जर्सीत एप्रिल उजाडला की गवत भराभर वाढतं, आठवड्याला एकदा तरी कापावंच लागतं. मागच्या मे महिन्यात मागच्या अंगणात मेपलचं मूळ वर आलेलं मला गवतात दिसलंच नाही आणि मोवरचं पातं त्यावर दाणकन बसलं. मोवर जागच्या जागी बंद. परत चालू केला तर हँडल इतकं थरथरायला लागलं की हाताला मुंग्या आल्या. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातून खाली येऊन पातं फिरवणारा दांडा, वाकला होता. दुकानात विचारलं तर म्हणाले नवीन मशीन घ्या, पण डेक (पात्यावरचं पत्र्याचं कवच) ठणठणीत, चाकं चांगली, गिअरबॉक्स दोनच वर्षांपूर्वी बदललेला, मग ते सगळं कचऱ्यात टाकायला जीव होईना. फक्त इंजिन बदललं. ज्याला पाने-सॉकेट वापरायची सवय आहे त्याला हे नक्की जमेल, फक्त काही गोष्टी आधी माहीत पाहिजेत.

इंजिन खरंच गेलंय का

पैसे खर्च करायच्या आधी हे बघाच. पातं कशावर आदळल्यावर मोवर सुरूच होत नसेल किंवा दोरी ओढताना हाताला उलटा झटका देत असेल तर बऱ्याचदा फ्लायव्हीलची चावी, म्हणजे इंजिनावरचं जड चाक शाफ्टवर जागेवर धरणारा धातूचा छोटा तुकडा, कापली गेलेली असते, ती बऱ्याच इंजिनात मुद्दाम मऊ धातूची असते, काही डॉलरची वस्तू, ती बदलली की मशीन परत चालू. हिवाळाभर टाकीत पेट्रोल तसंच राहिलं असेल तर कार्ब्युरेटर तुंबतो, इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं त्यामुळे हे फार होतं, त्यालाही इंजिन बदलायची गरज नाही.

शाफ्ट वाकलाय का ते कळायला स्पार्क प्लगची वायर काढा, प्लगही काढा, पातं काढा आणि दुसऱ्या माणसाला दोरी हळूहळू ओढायला सांगा, आपण खालून शाफ्टच्या टोकाकडे बघायचं. टोक एका जागी फिरलं पाहिजे. लंगडल्यासारखं गोल गोल हिंडत असेल तर वाकलाय. भारतात आपल्याकडे लेथवाला शाफ्ट सरळ करून देतो हे मलाही माहितीये, पण इथे ते करू नका, सरळ केलेल्या शाफ्टला बारीक चीर असू शकते आणि खाली पातं मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी फिरत असतं, तुटून उडालं तर कोणाच्या पायात जाईल सांगता येत नाही. तेल संपून पिस्टन जाम झाला किंवा कनेक्टिंग रॉड तुटून केसिंगला भोक पडलं, तरी इंजिन बदलायचंच.

इंजिन निवडताना शाफ्ट मोजा

सगळ्यात जास्त डोकं इथेच घालायचंय, काढणं-बसवणं त्यामानाने सोपं. किती हॉर्सपॉवर, किती सीसी हे नंतर बघा. ढकलायच्या मोवरला उभ्या शाफ्टचं इंजिन लागतं, शाफ्ट खाली डेकमधून बाहेर येतो. त्याची जाडी बहुतेक ७/८ इंच असते, मोठ्या कमर्शियल मशीनला १ इंच. लांबी इंजिनाच्या बुडाच्या सपाट भागापासून टोकापर्यंत मोजायची, बरीच इंजिनं ३ पूर्णांक ५/३२ इंचाची येतात पण सगळी नाही. शिवाय शाफ्टवर चावीची खाच कुठून कुठपर्यंत आहे आणि टोकाला बोल्टसाठी आतून आटे कोणते आहेत तेही बघा, ३/८ इंचाचे बारीक आटे जास्त दिसतात.

माझं मशीन सेल्फ प्रोपेल्ड (इंजिनच चाकंही फिरवतं), म्हणजे पात्याच्या वर शाफ्टवर बेल्टची पुली पण बसते. मी आधी ऑनलाइन जे इंजिन मागवलं त्याच्या वर्णनात हे लिहिलंच नव्हतं आणि शाफ्ट आखूड निघाला, पुली बसवली की पात्याला जागाच उरेना. परत पाठवण्यात दोन आठवडे गेले आणि गवत गुडघ्यापर्यंत आलं. म्हणून जुन्या इंजिनावरचे नंबर आधी उतरवून घ्या. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या कंपनीच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन नंबर असतात, त्यातला टाइप महत्त्वाचा, कारण मॉडेल तेच असलं तरी टाइप बदलला की शाफ्ट वेगळा असू शकतो. हँडलवरचा लिव्हर सोडल्यावर इंजिन चालू राहून फक्त पातं थांबतं असं क्लचवालं मशीन असेल तर हा लेख त्याला लागू नाही.

जुनं इंजिन मिळालं तरी चालतं. लोक डेक गंजून भोकं पडली की अख्खा मोवर रस्त्याच्या कडेला ठेवतात आणि वरचं इंजिन कधीकधी उत्तम असतं. तिथेसुद्धा टेप घेऊनच जा.

जुनं काढणं

पहिलं काम प्लगची वायर काढून लांब बांधून ठेवणं. पात्याजवळ हात जाणार आहे, यात हयगय नको. पेट्रोल डब्यात काढा, तेल काढा, मग मोवर आडवा करा, एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील असा, नाहीतर उरलंसुरलं तेल फिल्टरमध्ये जाऊन बसतं.

पातं फिरू नये म्हणून ते आणि डेक यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा आणि मधला बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने सोडवा, बहुतेक ५/८ इंचाचं सॉकेट लागतं, जाड हातमोजे घाला. पातं निघालं की त्याच्यावरचा अ‍ॅडॅप्टर दिसेल, म्हणजे पातं शाफ्टला जोडणारा तुकडा, आणि हाच खरा त्रास देतो. माझा गंजून शाफ्टशी एकजीव झाला होता. गंज सोडवायचा स्प्रे मारला, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी परत मारला, हातोडीने चारी बाजूंनी हलके ठोके दिले, शेवटी दोन पायांचा पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावून आवळत गेलो तेव्हा एकदम टक्क असा आवाज आला आणि तांबूस भुगा पडून तो सुटला. शाफ्टच्या टोकावर थेट हातोडी मारू नका. आतली चावी गवतात पडली तर सापडत नाही, खाली फडकं पसरून ठेवा.

मग पुली आणि बेल्ट काढा. बेल्ट कुठून कसा फिरलाय त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढा. हँडलवरून आलेली ब्रेकची केबल इंजिनावरून सोडवा, दोरी हँडलच्या कडीतून काढा. इंजिन डेकला बहुतेक तीन बोल्टनी धरलेलं असतं, ते काढले की वर उचलून घ्या.

इंजिन बाजूला आहे तोवर डेक खरवडून साफ करा आणि बोल्टच्या भोकांभोवती चिरा गेल्यात का ते बारकाईने बघा. तिथे पत्रा फाटत आला असेल तर नवीन इंजिन त्यावर बसवू नका.

नवीन बसवणं

काही नवीन इंजिनांच्या बोल्टच्या भोकांना आटेच पाडलेले नसतात, बोल्ट स्वतः आटे पाडत जातो. म्हणून इंजिन टेबलावर असतानाच बोल्टला थेंबभर तेल लावून एकदा आत-बाहेर करून घ्या, डेकखाली वाकून तेच करताना फार दमायला होतं. मग इंजिन ठेवा, तिन्ही बोल्ट आधी हातानेच थोडे थोडे लावा आणि नंतर आलटून पालटून आवळा. बेल्ट, पुली, चावी, अ‍ॅडॅप्टर या क्रमाने चढवा, शाफ्टला ग्रीसचा पातळ हात द्या, पुढच्या वेळी सोपं जाईल. पातं नवीनच घ्या, आदळलेलं परत नको, आणि त्याचे वळलेले कान वर डेककडे आले पाहिजेत. पात्याचा बोल्ट टॉर्क पान्याने (किती जोर लागतोय ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा आवळा.

ब्रेकची केबल जोडायला टाळाटाळ करू नका. लिव्हर सोडल्यापासून ३ सेकंदांत पातं थांबलं पाहिजे असा अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे, आणि ज्या घरात लहान मुलं अंगणात पळतात तिथे ते तीन सेकंद फार मोलाचे असतात.

आता तेल. नवीन इंजिन तेलाशिवाय येतं, हे विसरून दोरी ओढली तर नवंकोरं इंजिन खराब होतं. साधारण अर्धा लिटर लागतं, उन्हाळ्यात एसएई ३० जाडीचं चालतं, पण थोडं थोडं ओतून तेल मोजायच्या काठीवर बघत राहा, जास्त झालं तर पांढरा धूर काढतं.

पातं हाताने एक फेरा फिरवा, कुठे घासत नाही ना बघा, आणि मगच प्लगची वायर लावा. गॅरेजमध्ये चालू करू नका, बाहेर मोकळ्यावर न्या. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल यायला पाच-सहा वेळा दोरी ओढावी लागते. पाच मिनिटं चालवा, लिव्हर सोडून तीन आकडे मोजा, थंड झालं की वायर काढून सगळे बोल्ट परत तपासा.

पहिलं तेल ५ तास चालल्यावर बदला. माझ्या इंजिनाचं काढलं तेव्हा उन्हात धरून बघितलं, त्यात चंदेरी बारीक कण चमकत होते, नवीन भाग एकमेकांना घासून बसताना ते निघतात. जुनं तेल बाटलीत भरून ऑटो पार्ट्सच्या दुकानात द्या, बरीच दुकानं घेतात.