अंगावरून वारं गेलं? आधी घड्याळ बघा

आमच्या काकांचं सांगते. सकाळी चहा पिताना ओठाच्या एका कोपऱ्यातून चहा ओघळून बनियनवर सांडला, उठून चालायला लागले तर डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि त्यांना कळलंही नाही. घरचे म्हणाले रात्री झोप झाली नसेल, पडू दे जरा. दुपारी उठले तर हात उचलेचना. आता चार वर्षं झाली, शर्टाची बटणं काकू लावून देते.

म्हणून सांगते, लकव्याची (स्ट्रोकची) शंका आली की तिथल्या तिथं बघा. दात दाखवून हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातंय का. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक हळूहळू खाली येतो का. आणि आज वार कुठला एवढंच विचारा, जीभ जड झालीये का, भलतंच बोलतायत का. यातलं एक जरी अचानक सुरू झालेलं दिसलं तर लगेच 108 ला फोन करा. एकदम दिसेनासं झालं, तोल गेला, कधी नव्हे इतकं डोकं ठणकलं, तरीही तेच.

आता घड्याळ. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, आणि हे तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथून मोजतात, म्हणजे झोपेत झालं असेल तर रात्रीपासून! त्यामुळे ती वेळ लिहून ठेवा, आणि सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेलं हॉस्पिटलच गाठा. उशीर झाला तरी न्याच, काही पेशंटची गुठळी 24 तासांपर्यंत रक्तवाहिनीतून तार घालून काढता येते.

तोंडात पाणीसुद्धा घालू नका, ठसका लागून फुफ्फुसात जातं. ॲस्पिरिनही नको, कारण गुठळी आहे की मेंदूत रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. मालिश, कबुतराचं रक्त यात तर एक मिनिटही घालवू नका प्लीज.

आणि हे टाळायचं तर सगळ्यात आधी बीपी. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करणारे घरोघरी आहेत, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, त्यात लोणचं पापडही धरा. तंबाखू, मिशरी सोडा, शुगर सांभाळा.

आणि हात सुन्न पडून दहा मिनिटांत ठीक झाला तरी त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात जा. काकांचा हात आदल्या आठवड्यात भाकरी मोडताना असाच लुळा पडला होता, पाच मिनिटांत बरा झाला म्हणून ते कुणाला बोललेच नाहीत.