सुरीची धार टिकत नाही? पोलादाला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

द्राक्षाची गोडी छाटणी सुरू झाली की ओळखीचे बागायतदार कात्र्या-कोयते घेऊन येतात आणि म्हणतात, "लोखंडच हलकं निघालं राव!" नाशिकच्या अंबड एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर माझी नोकरी, आणि सुट्टीला घरामागे सुऱ्या करायचा नाद. माझा अनुभव असा, की लोखंड बहुधा बरंच असतं. पाणी देणं म्हणजे पातं लालबुंद तापवून तेलात झटकन गार करून कडक करणं; ते दिलेलं पाणी कुणीतरी नंतर ग्राइंडरवर उतरवलेलं असतं.

हे मीही केलंय. ट्रकच्या पाट्याची, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीची, एक सुरी इतकी छान कडक झाली होती, की तिच्यावरून कानस काचेवरून घसरावी तशी घसरायची. घाईत धार काढताना टोकाशी निळी झाक आली. पॉलिश पेपर मारून ती पुसली आणि सुरी आईला दिली. आठवड्यात टोकाकडची दोन बोटं धार वळली, मुठीकडची मात्र जशीच्या तशी.

निळा रंग हा वरचा पातळ थर, तो पुसला जातो. पण खालचं पोलाद तेवढं तापलेलं असतं, ते कसं पुसणार? पिवळट रंग म्हणजे साधारण २२० अंश, जांभळा २८०, निळा ३००. पातं २०० अंशांवर टेंपर केलेलं, म्हणजे कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करायला पुन्हा बेताचं तापवलेलं असेल, तर निळ्या जागी ते मऊ पडलंच. धारेशी पातं कागदासारखं पातळ, उष्णतेला पळायला जागाच नसते, त्यामुळे एका क्षणात रंग येतो.

म्हणून ग्राइंडरचा घासायचा पट्टा नवा ठेवा, दाब हलका, शेजारी पाण्याची बादली. हातमोजे नकोत: ऊब बोटांना कळली पाहिजे, आणि मोजा चाकात अडकला तर बोटही जातं. गॉगल मात्र हवाच. निळं झालंच, तर तेवढा भाग पाण्यात बुडवत बुडवत, कड आत सरकेपर्यंत घासून काढा. फार खोल गेलं असेल तर पुन्हा पाणी देण्याला पर्याय नाही.

उलटी चूकही होते. पाणी देण्याआधीच धार पूर्ण पातळ केली, तर ती तेलात वाकते, कधी तडकते, शिवाय वरचा कार्बन भट्टीत जळून जातो. धारेशी एक मिलिमीटर जाडी ठेवा, बाकीचं नंतर.

आता भट्टी. चुंबक चिकटायचं बंद झालं की झालं, असं पुष्कळ जण मानतात. ते ७७० अंशांच्या आसपास होतं. पाट्याच्या पोलादाला ८३० ते ८६० लागतात. पण उन्हात बसून रंग बघाल तर फसाल, लाल रंग फिका दिसतो आणि पातं जास्त तापतं. संध्याकाळी, सावलीत करा. जास्त तापलेलं पातं मोडून बघा, आत खडीसाखरेसारखे दाणे चमकतात. नीट तापलेलं आतून मंद राखाडी, मैद्यासारखं.

थंडीत आणखी एक घोटाळा. निफाडकडे पारा एकेरी आकड्यात जातो, तेव्हा डब्यातलं तेल घट्ट होतं, पात्याची उष्णता झटकन ओढत नाही आणि पातं अर्धवट कडक होतं. तेल ५० ते ६० अंशांवर आणून ठेवा. तेल नाही म्हणून पाट्याला साधं पाणी पाजू नका; एक बारीक 'टिंग' ऐकू येतो, मग पातं भंगारात.

तेलातून काढलेलं पातं रात्रभर तसंच ठेवू नका, तेही तडकतं. लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, मग गार करून पुन्हा दोन तास. ओव्हनच्या चकतीवरच्या आकड्यावर माझा तरी विश्वास नाही, आत वेगळा थर्मामीटर ठेवतो.

पॉवर हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या यांत्रिक करवतीच्या, जुन्या ब्लेडची सुरी करणारे इथे बरेच. सबंध हाय स्पीड स्टीलचं ब्लेड असेल तर त्याला भट्टी दाखवूच नका, नुसतं घासा; ते निळं पडलं तरी कडक राहतं. बायमेटल, म्हणजे दोन वेगळ्या पोलादांचं जोडलेलं, असेल तर फक्त दात कडक असतात. पाठीकडून धार काढलीत, तर ती टिकणार नाही.

तक्रार आली की मी आधी भिंगातून धार बघतो. वळली असेल तर मऊ. दाते पडले असतील तर ठिसूळ, किंवा त्या कामाला फारच पातळ. आणि दोन्ही नसेल, तर बर, म्हणजे घासताना कडेला उरलेली पातळ कोर, राहिलेली असते: सुरी पहिल्या टोमॅटोला झकास, चौथ्या कांद्याला बोथट. ती काढायला निसण्यावर आळीपाळीने चार-पाच हलके हात पुरतात. निसणा नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडा. आई तेच करते.