जुन्या वाड्यात मुक्कामाला जाताना: नाशिकच्या गावांतली निवास-न्याहारी

चांदोरीचे हिंगणे, विंचूरचे विंचूरकर, ओढ्याचे ओढेकर. पेशवाईतल्या सरदारांची नावं नाशिकच्या आसपासच्या गावांना अशी चिकटून आहेत. त्यांच्याखेरीज पाटील-देशमुखांचे, सावकारांचे लहानमोठे वाडे गावोगाव आहेत. काही पडले, काही तग धरून आहेत आणि मोजक्या घरांत पाहुण्यांना राहायला खोली मिळते. रात्रीचा मुक्काम आणि सकाळची न्याहारी, म्हणजेच ‘निवास व न्याहारी’. राज्याच्या पर्यटन खात्याची याच नावाची योजना आहे, आणि तिच्यात मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असतं. हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरूनच ठरतं. तुम्ही हॉटेलात नाही, कुणाच्या तरी घरी उतरणार आहात.

आधी फोन करा

बुकिंग ॲपवर केलं तरी एकदा घरमालकांशी बोलाच. फोटोत कोरीव खांब दिसतात, संडास कुठे आहे ते दिसत नाही.

हे मी अनुभवावरून सांगतेय. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आईला घेऊन निफाडकडच्या एका वाड्यात उतरले होते. खोली वरच्या मजल्यावर, आणि जिना भिंतीच्या पोटातून चढणारा. एकेक पायरी फूटभर उंच, कठडा नाही, वरून एक जाड गाठींचा दोर सोडलेला. तो धरून चढायचं. मला मौज वाटली, पण आईच्या गुडघ्यांना ती वाटणं शक्यच नव्हतं. त्यात संडास-न्हाणी मागच्या परसात. रात्री दोनदा तिला धरून खाली आणलं, थंडीत चौक ओलांडला, पुन्हा वर नेलं. तळमजल्यावर माजघराला लागून एक खोली होती, मागितली असती तर मिळाली असती. मी विचारलंच नव्हतं, त्यामुळे घरच्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता.

तेव्हापासून माझे प्रश्न ठरलेले आहेत. खोली कितव्या मजल्यावर? संडास-बाथरूम खोलीला लागून आहे का, कमोड आहे का? गरम पाणी गिझरचं की बंबाचं? बंब असेल तर अंघोळीची वेळ आदल्या रात्री सांगून ठेवावी लागते. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? गाडी दारापर्यंत येते का? जुन्या गावांच्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या, त्यामुळे बऱ्याचदा गाडी पारापाशी किंवा चावडीजवळ लावून सामान हातात घेऊन जावं लागतं. अशा ठिकाणी चाकांची मोठी बॅग खडीवर ओढत नेण्यापेक्षा खांद्याला अडकवायची पिशवी बरी.

पैशांचं स्पष्ट बोला. दर माणशी की खोलीमागे? न्याहारी त्यात धरली आहे का? रात्रीचं जेवण मिळतं का, त्याचे वेगळे किती? ‘तुमची पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे ना?’ हेही मोकळेपणाने विचारावं. नोंदणी असलेल्यांना या प्रश्नाचा राग येत नाही.

आणखी एक गोष्ट नाशिकला हमखास निघते. द्राक्षांचा जिल्हा, वायनरी जवळ, म्हणून पाहुणे येताना बाटली घेऊन येतात. पण वाड्यात देवघर असतं, घरात वडीलधारी माणसं असतात, आणि बहुतेक घरांत मद्य चालत नाही. मांसाहाराचंही तसंच. आधी विचारा, नाही म्हणाले तर वाद घालू नका.

दिवस कोणते निवडावेत

थंडी सगळ्यात चांगली, पण जय्यत तयारीने जा. निफाडला पारा काही वर्षी ५ अंशांच्या खाली उतरतो, आणि दोन-तीन फूट जाडीच्या भिंती एकदा गार झाल्या की दुपारपर्यंत तशाच राहतात. पायमोजे आणि शाल घ्याच. याच दिवसांत नांदूर मध्यमेश्वरला हजारो पाणपक्षी उतरतात. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं हे ठिकाण. निफाड तालुक्यात मुक्काम असेल तर पहाटे अंधारात निघायचं आणि न्याहारीला परत यायचं, असा बेत सहज जमतो.

उन्हाळ्यात त्याच भिंती उपकार करतात. बाहेर रणरणतं ऊन असताना माजघरात गार वाटतं. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीकडचा भाग डोळ्यांचं पारणं फेडतो, पण धाब्याचं छत असेल तर ‘यंदा माती टाकली का?’ हे नक्की विचारा. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर, असं हे छत असतं. दरवर्षी पावसाआधी वरून माती घालून ते दाबून घ्यावं लागतं. ज्या घरात हे झालेलं असतं तिथे मुसळधार पावसातही झोप लागते. गोदाकाठच्या गावात जायचं असेल तर धरणाच्या विसर्गाच्या बातम्याही पाहा. चांदोरी-सायखेड्यात पुराचं पाणी गावात शिरल्याची उदाहरणं जुनी नाहीत. २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवसांत मात्र वाड्याचा बेत करू नये असं माझं मत आहे. तेव्हा सगळा जिल्हाच गर्दीत असेल.

आधी एक वाडा पाहून घ्या

शक्य असेल तर मुक्कामाला जाण्याआधी वाटेत एखादा मोठा वाडा पाहा, म्हणजे आपण राहणार ते घर वाचता येतं. नाशिक शहरात सराफ बाजारातला सरकारवाडा आहे. चांदवडकडे जाणार असाल तर अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे. तिथलं लाकूडकाम नुसतं बघत बसावं असं आहे. दिंडीचं छोटं दार, देवडी (दाराच्या आतली पहाऱ्याची जागा), चौक, सोपा (चौकालगतची ओसरी), माजघर हा क्रम एकदा डोळ्यांखालून गेला की लहान वाड्यातही तो ओळखू येतो. सिन्नरकडून येत असाल तर गोंदेश्वराच्या मंदिरालाही तासभर द्या.

पोचल्यावर

उजेडी पोचा. संध्याकाळनंतर खेड्यांकडच्या एसटी कमी होतात, आणि अनोळखी वाड्यात अंधारात उंबरठे लागतात. मोठ्या दरवाजाच्या एका फळीत छोटं दार असतं, ती दिंडी. आत शिरताना मान खाली घाला आणि पाय उंच टाका, दोन्ही एकदम. डोकं सांभाळलं की पायाला ठेच लागते, पाय सांभाळला की कपाळ आपटतं.

चपला देवडीतच काढा. ओळखपत्र सगळ्यांचं जवळ ठेवा, नोंद करावी लागते. घरातल्या थोरल्या बाईंना आजी किंवा काकू, कर्त्या माणसाला काका किंवा दादा म्हटलं की बोलणं सोपं होतं. ‘मॅडम-सर’ तिथे परकं वाटतं. सोप्यावर आणि चौकात खुशाल बसा, झोपाळा असेल तर झोके घ्या. माजघराच्या पुढे, स्वयंपाकघर आणि देवघराकडे, बोलावल्याशिवाय जाऊ नका. माणसांचे फोटो विचारूनच काढा.

लाकडाला जपा. ओला टॉवेल कोरीव घोडीवर (तुळईच्या लाकडी आधारावर) किंवा सज्जाच्या कठड्यावर टाकू नका, दोरी कुठे बांधली आहे ते विचारा. खोलीत मेणबत्ती, धूप, कासवछाप काही पेटवू नका. दीडशे-दोनशे वर्षांचं वाळलेलं सागवान आहे ते. मुलांना माळवदावर, म्हणजे धाब्याच्या छतावर, पळू देऊ नका.

आणि अर्ध्या वाड्याला कुलूप का, हे विचारू नका. जवळपास प्रत्येक वाड्यात ते असतं. वाटण्या झालेल्या असतात, कुणी पुण्याला असतं, कुणाचं कोर्टात चाललेलं असतं. ‘विकायचा झाला तर किती येतील’ हा प्रश्नही पाहुण्याने करण्याचा नाही. त्यापेक्षा कोनाड्यातला दिवा, धान्याचं बळद, अंगणातला आड यांच्याबद्दल विचारा, रात्र पुरणार नाही.

न्याहारी

ही आदल्या रात्री ठरते. काय चालत नाही, उपास आहे का, तिखट किती, मुलांना काय, हे झोपण्याआधी सांगा. सकाळी सातला सांगितलेला बदल घरच्या बाईच्या डोक्याला ताप होतो. पोहे, उपीट, थालीपीठ, कधी मटकीची मिसळ. त्र्यंबककडे नाचणीची भाकरी मिळाली तर ती सोडू नका. मी तर ‘तुम्ही घरात जे खाता तेच करा’ एवढंच सांगते. त्या डिसेंबरात वाड्यातल्या आजीने बाजरीची भाकरी थेट तव्यावरून ताटात टाकली होती. पापुद्रा फुगलेला, वाफ निघतेय, त्यात तिने बोटाने भोक पाडलं आणि घरच्या लोण्याचा गोळा आत सोडला. आई रात्रीचे हाल तिथल्या तिथे विसरली. म्हणून हाक आली की लगेच उठून या. भाकरी थांबत नाही.

द्राक्षाची बाग जवळ असेल तर मालकांना विचारूनच आत जा. फवारणी झालेली असू शकते, आणि निर्यातीच्या घडाला हात लागला तरी त्याच्यावरची लव पुसली जाते.

निघताना

रोख पैसे ठेवा. जाड भिंतींच्या आत मोबाइलला रेंज मिळत नाही, आणि यूपीआय करायला चौकात येऊन फोन वर धरून उभं राहावं लागतं. काही खटकलं असेल तर ऑनलाइन लिहिण्याआधी घरच्यांना तोंडावर सांगा. आईच्या जिन्याचं मी सांगितलं, तर पुढच्या खेपेला फोनवर त्यांनीच आधी विचारलं, ‘कुणी वयस्कर आहे का बरोबर?’ कामाला येणाऱ्या मावशींना वेगळं काही द्यायचं असेल तर मालकीणबाईंना विचारून त्यांच्या हातात द्या.

बाहेर पडलात की दिंडी ओढून कडी घालायला विसरू नका, गल्लीतली कुत्री चौकात शिरतात. बिजागऱ्या झिजलेल्या असतात, दार थोडं वर उचलून लावलं की बसतं.