मातीतून मॅटवर येताना : दमाची तयारी

तालमीत दोन-तीन वर्षे काढून जो मल्ल मॅटच्या स्पर्धांकडे वळतो, त्याला जोर, बैठका, सपाट्या यांविषयी नव्याने काही सांगावे लागत नाही. तरीही पहिल्या स्पर्धांत चौथ्या मिनिटाला त्याचे हात भरून येतात, पकड सुटते आणि कमी ताकदीचा प्रतिस्पर्धी पट काढून, म्हणजे पाय धरून पाडून, गुण घेऊन जातो. माझेही असेच होत असे, आणि त्यावर मिळणारा सल्ला एकच होता : बैठका वाढव.

हा सल्ला मल्लाचे नुकसान करतो. मॅटवरची फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि मध्ये केवळ ३० सेकंदांची विश्रांती मिळते. त्या सहा मिनिटांत मल्ल काही सेकंद सर्वस्व लावतो, हात झटकत दम सावरतो आणि पुन्हा झडप घालतो. अशा झडपेसाठी स्नायूंत तयार असलेली ऊर्जा जेमतेम दहा सेकंद पुरते आणि ती पुन्हा भरण्यासाठी हृदय व फुप्फुसे सक्षम असावी लागतात. एका लयीत मारलेल्या हजार बैठकांनी मांड्यांची चिकाटी वाढते. झडपेचा वेग मात्र वाढत नाही. उलट पहाटे मांड्या जड झालेला मल्ल संध्याकाळी मंद लढतो, त्याच मंद लढतीची शरीराला सवय लागते, आणि उपाय म्हणून पुन्हा बैठकाच वाढवल्या जातात. या चक्रात माझा एक पूर्ण हंगाम गेला.

म्हणून तालमीची मेहनत टाकून द्यावी, असे मुळीच नाही. पावसाळ्यात कुस्त्यांची मैदाने थांबतात, तेव्हा जोर मारावेत, माती उकरावी, दोर चढावा, कारण पाठ आणि पकड त्यातूनच घडते. सोबत बोलता येईल इतक्याच वेगाने अर्धा-पाऊण तास धावावे. स्पर्धा दीड-दोन महिन्यांवर आली की बैठका निम्म्यावर आणाव्यात. मग मल्लाला मध्ये ठेवून दर ३० सेकंदांनी ताज्या दमाचा जोडीदार पाठवावा : तीन मिनिटे लढत, ३० सेकंद विश्रांती, पुन्हा तीन मिनिटे. हे आठवड्यातून दोनदा पुरते. सुरुवातीला दुसऱ्या फेरीत पाय उचलत नाहीत. घाबरू नये, काही आठवड्यांत फरक जाणवतो. केवळ आकडे मोजणाऱ्या वस्तादापेक्षा शिष्याला वेळेवर थांबवणारा वस्ताद मी श्रेष्ठ मानतो.

वजनाबाबत मात्र कोणतीही सवलत नाही. पाणी तोडून उतरवलेले वजन दमही घेऊन जाते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी विनेश फोगाट १०० ग्रॅमने जास्त भरली आणि अपात्र ठरली. तिच्यामागे तज्ज्ञांचे पथक होते, नवख्यामागे कोणीही नसते. सरावात ज्या वजनावर पूर्ण सहा मिनिटे लढता येते, त्याच्या जवळचाच गट पहिल्या वर्षी निवडावा.